हाकेला ‘ओ’ देणारे यंत्र

श्रोतेहो, आणि हे भाषण छापून आल्यावर वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींनो,

आज आपल्याला एका लहानशा गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे. गोष्ट लहान खरी, पण तिच्या धास्तीने संगणकविद्येतल्या एका थोर पंडिताने तीन महिने निर्णय लांबणीवर टाकला होता. चालू असलेल्या यंत्राला बाहेरून हाक कशी मारायची, आणि त्या यंत्राने हातचे काम न बिघडवता हाकेला ‘ओ’ कशी द्यायची, एवढीच ती गोष्ट.

उदाहरणादाखल गावच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करा. टाकीत एक तरंगता फ्लोट सोडला आहे. पाणी काठोकाठ आले की फ्लोट वर येतो आणि विजेचा एक संपर्क जुळतो. खाली पंपाच्या खोलीत तळहाताएवढा बोर्ड आहे. तो बोर्ड म्हणजे एक छोटा संगणकच. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते, आणि तिचा जो मुख्य कारभारी भाग, त्याला कर्नल म्हणतात. फ्लोटची तार बोर्डाच्या एका पिनेला जोडली आहे. आता सांगा, टाकी भरली हे या कारभाऱ्याला कळायचे कसे?

त्याच्या दोन रीती आहेत, आणि त्या दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतात. चुलीवर दूध आहे आणि घरची बाई सुपात तांदूळ निवडते आहे. पहिली रीत अशी की, दर चार खडे वेचले की उठायचे आणि पातेल्यात डोकावायचे. तांदूळही धड निवडून होत नाहीत, आणि नेमके नजर चुकवून दूध उतू जाते ते जातेच. दुसरी रीत अशी की, पातेल्यात एक बशी उपडी घालून ठेवायची. दूध वर येऊ लागले की बशी खडखडते. बाई सूप बाजूला ठेवते, कुठपर्यंत निवडले ते बोटाने बाजूला सारून ठेवते, पातेले उतरवते, आणि पुन्हा जिथे थांबली होती तिथूनच निवडायला बसते.

संगणकवाले पहिल्या रीतीला पोलिंग म्हणतात आणि दुसरीला इंटरप्ट. इंटरप्ट म्हणजे मधेच आलेली हाक. तिची तीन अंगे ध्यानात ठेवा: कुठे थांबलो त्याची खूण, हाकेचे काम, आणि खुणेच्या जागी परत येणे. पुढचा सगळा इतिहास या तीन अंगांभोवतीच फिरतो.

अगदी आरंभीच्या संगणकांना अशी हाक मारण्याची सोय नव्हती. सांगितलेले काम एकामागून एक करीत जायचे, एवढेच त्यांना ठाऊक. पण यंत्र हिशेबात चपळ आणि त्याला माहिती पुरवणारी, त्याची उत्तरे छापणारी उपकरणे फार मंद. छपाईयंत्राची वाट पाहण्यात महागड्या यंत्राचा वेळ फुकट जाऊ लागला. यावर उपाय म्हणून १९५४ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने डायसिॲक नावाचे यंत्र तयार केले. ते सैन्यासाठी होते आणि मोठ्या वाहनात बसवलेले होते, म्हणजे हवे तिकडे नेता येई. त्यात पुढची आज्ञा कोणती हे दाखवणारे गणक एकाऐवजी दोन ठेवले होते. बाहेरच्या उपकरणाचा इशारा आला की यंत्र पहिला गणक जागच्या जागी सोडून दुसऱ्यावर जाई आणि काम उरकून परत येई. बाहेरच्या उपकरणाने चालत्या यंत्राला हाक मारल्याचा हा अगदी सुरुवातीचा दाखला.

त्यानंतरचा प्रसंग क्लीव्हलँडचा. तिथे विमानविद्येच्या प्रयोगशाळेत वाऱ्याचे बोगदे होते. बोगद्यात विमानाच्या भागांवर वेगाने वारा सोडायचा आणि मोजमापे घ्यायची. प्रयोग केव्हा सुरू होईल आणि मोजमापे केव्हा येतील याचा नेम नसे. ती आली की ताबडतोब टिपून घेणे भाग, पण तोवर संगणक नुसता बसवून ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या युनिव्हॅक ११०३ए या संगणकाला हाकेची सोय करून घेतली. एरवी त्याने आपली दुसरी गणिते करावी, आणि बोगद्यातून हाक आली की ती बाजूला ठेवून मोजमापे घ्यावी.

आपण म्हणाल, मग प्रश्न सुटलाच की! पण खरी अडचण इथूनच सुरू झाली, आणि ती ज्याने नेमकी ओळखली तो होता हॉलंडचा एड्सखर डाइक्स्ट्रा.

१९५७ च्या सुमाराची गोष्ट. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात एक्स-वन नावाच्या यंत्राचा आराखडा चालला होता. लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन हे दोघे यंत्र घडवणारे, आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावली लिहिणारा डाइक्स्ट्रा. त्या दोघांनी इंटरप्टची कल्पना मांडली तेव्हा हा तरुण पुरता घाबरून गेला. पुढे उतारवयात त्याने हे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. त्याने तीन महिने होकार दिला नाही. शेवटी दोघा मित्रांनी त्याच्या बुद्धीची स्तुती करकरून त्याला राजी केले.

तो एवढा का घाबरला, हे समजून घेण्याजोगे आहे. तोवरचे यंत्र तेच काम तीच माहिती देऊन दहा वेळा करायला लावले तर दहाही वेळा अगदी तसेच वागे. चूक झाली तर पुन्हा चालवून पाहायचे. चूक पुन्हा त्याच जागी दिसे आणि पकडता येई. पण बाहेरून हाक येऊ लागली की ती कोणत्या दोन आज्ञांच्या मधल्या क्षणाला येईल याचा भरवसा नाही. एखादी चूक हजार वेळांत एकदाच, हाक नेमक्या वाईट क्षणी आली तरच घडेल. ती शोधायला पुन्हा यंत्र चालवावे, तर ते गरीब गाईसारखे सरळ चालणार! जी चूक पुन्हा दाखवता येत नाही ती पकडायची कशी, ही त्याची धास्ती होती. पंपाच्या खोलीतल्या आपल्या बोर्डाला ती आजही लागू आहे.

डाइक्स्ट्राने उपाय शोधला तो विचाराचा. यंत्र चालवून बघण्यावर विसंबायचे नाही. हाक कोणत्याही क्षणी आली तरी काम बरोबरच होईल, असे आधी कागदावर तर्काने पटवून घ्यायचे. थांबण्याची खूण पूर्णपणे जपायची, आणि खूण करण्याच्या नाजूक क्षणी यंत्राचे कान थोडा वेळ बंद ठेवायचे. १९५९ साली त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो याच एक्स-वन यंत्राशी चालणाऱ्या संवादावर. पुढे १९६० च्या दशकात त्याने सिमाफोरची युक्ती काढली. सिमाफोर म्हणजे रेल्वेचा हात. एका रुळावर एक गाडी असताना दुसरीला हात देत नाहीत. तसे एका वस्तूवर दोन कामांनी एकदम हात टाकू नये, असा तो बंदोबस्त. आजच्या लिनक्समध्येही तो या ना त्या रूपाने आहे.

पुढे यंत्रे लहान झाली आणि हाकेची सोय एकेका पिनेवर येऊन बसली. १९८१ च्या आयबीएम पर्सनल संगणकात हाका गोळा करणारी एक वेगळी चिप होती. तिच्याकडे आठ तारा येत. पहिली घड्याळाची, दुसरी कळफलकाची, अशी त्यांची वाटणी ठरलेली. एका वेळी दोघांनी हाक मारली तर आधी कोणाचे ऐकायचे, हे ती चिप ठरवी. १९८५ साली इंग्लंडातल्या केंब्रिज येथे एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम नावाचा प्रोसेसर साकार केला. त्याला हाकेच्या दोन वाटा ठेवल्या: एक साधी आणि एक घाईची. घाईच्या हाकेसाठी प्रोसेसरमध्ये काही वेगळे कप्पे राखून ठेवले, म्हणजे चालू कामाचे सामान आवरून ठेवण्यात वेळ जाऊ नये. तुमच्याआमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये याच एआरएमचे वंशज काम करीत असतात.

आता लिनक्सकडे वळू. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ही प्रणाली लिहायला घेतली, तेव्हा त्याचा पहिला खेळ काय होता ठाऊक आहे? दोन कामे, एक पडद्यावर ‘ए’ अक्षर लिहिणारे आणि दुसरे ‘बी’. घड्याळाची हाक आली की कर्नलने पहिले थांबवून दुसरे सुरू करायचे. पडद्यावर आळीपाळीने ए आणि बी उमटू लागले आणि त्या पोराला आपली विद्या साधल्याचा आनंद झाला. म्हणजे लिनक्सचा जन्मच मुळी इंटरप्टच्या हाकेवर झाला म्हणा ना!

पण ते लिनक्स एका ठरावीक घडणीच्या संगणकापुरते होते. १९९० च्या दशकात रसेल किंग याने ते एआरएमवर आणले आणि मग हाकांचे प्रकार किती, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्याने असे पाहिले की, सगळ्या हाकांना एकच वागणूक देऊन चालत नाही. मुख्य भेद दोन. एक पातळीची हाक: मागणी पुरी होईपर्यंत तार दाबूनच धरलेली असते, जसे मूल दूध मिळेपर्यंत रडतच राहते. दुसरी काठाची हाक: तारेवरचा दाब बदलला तेवढ्या क्षणापुरती, जशी एकदाच वाजलेली सायकलची घंटी. पातळीची हाक आली आणि रडण्याचे कारण दूर न करताच परत फिरलो, तर ती लगेच पुन्हा येते, आणि कर्नलला दुसरे कामच सुचत नाही. काठाच्या हाकेच्या वेळी कान बंद असतील, तर ती कोणीतरी टिपून ठेवली पाहिजे, नाही तर ती कायमची गेली. या अनुभवावरून थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी हाकांची सामाईक व्यवस्था रचली आणि २००६ साली ती लिनक्समध्ये आली. तिच्यात दोन्ही प्रकारांना आपापली वेगळी वाट मिळाली.

या कर्नलची एक गंमत सांगतो. एखाद्या तारेवर एक लाख हाका आल्या आणि त्यांतल्या ९९,९०० हून अधिक हाकांना कोणीच वाली निघाला नाही, तर कर्नल ‘या हाकेची कोणी दखल घेतली नाही’ अशा अर्थाचा शेरा नोंदवतो आणि ती तार बंद करून टाकतो. खोटी दवंडी पिटणाऱ्याला गावाने दाराबाहेर काढावे, तसाच हा प्रकार!

दुसरी सुधारणा २००९ ची. हाकेला ‘ओ’ देताना दारात फार वेळ उभे राहू नये, कारण तोवर बाकीच्या हाका ताटकळतात. दारात फक्त ‘ऐकले बरं का’ म्हणावे, आणि लांबचे काम आत जाऊन स्वतंत्रपणे करावे. समजा, पाण्याचा दाब मोजणारी एखादी मंद चिप दोन तारांवरून कर्नलशी बोलते. तिचे उत्तर वाचायला कर्नलला थांबावे लागते, आणि दारात उभे राहून थांबता येत नाही. अशा वेळी कर्नल ती तार तात्पुरती झाकून ठेवतो, आतले काम पुरे झाले की मगच उघडतो. इंटरप्टच्या कामाला असा वेगळा धागा देण्याची सोय लिनक्समध्ये त्या वर्षी झाली.

मात्र एक घोळ उरलाच होता, आणि तो होता कागदपत्रांचा. एआरएमचे बोर्ड शेकडो कंपन्या बनवू लागल्या. कोणत्या पिनेला काय जोडले आहे हे प्रत्येक कंपनी वेगवेगळे ठरवी, आणि प्रत्येक बोर्डाची वेगळी आज्ञावली कर्नलमध्ये घुसवी. गावातल्या प्रत्येक घराने आपली वेगळी जमीनमोजणी करून चावडीवर टाकावी, तसा पसारा झाला. २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्सने यावर उघडपणे त्रागा केला. उपाय जुनाच होता. सन आणि ॲपल या कंपन्यांच्या संगणकांत यंत्राच्या जोडणीचा एक नीट लिहिलेला तक्ता वापरत असत. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. हा तक्ता एआरएमसाठीही सक्तीने घेतला जाऊ लागला. कर्नल सर्वांना एकच, आणि प्रत्येक बोर्डाचा सातबारा वेगळा, अशी ती व्यवस्था.

आता आपल्या टाकीकडे परत येऊ. फ्लोटची हाक कर्नलपर्यंत पोचायला वाटेतल्या किती कड्या शाबूत असाव्या लागतात, ते मोजून पाहा.

पहिली कडी पिनेची. एका पिनेकडे अनेक कामे सोपवता येतात, आणि ती आपल्याला हव्या त्या कामावर नेमली आहे की नाही हे आधी सांगावे लागते. दुसरी कडी दाबाची. फ्लोट सुटा असताना पिनेवर ठरलेला दाब हवा, म्हणून एक रोध लावून ती वर ओढून धरतात. तसे न केले तर तार अधांतरी राहते आणि वाऱ्यावर हाका ऐकू येतात. तिसरी कडी गोळा करणाराची. पुष्कळ बोर्डांत अनेक पिनांच्या हाका एका विभागात जमतात, आणि तो विभाग मुख्य नियंत्रकाला एकच हाक देतो. मग कर्नलने मागे जाऊन कोणती पिन होती हे पाहायचे असते. चौथी कडी सातबाऱ्याची. पिनेचा क्रमांक आणि हाकेचा प्रकार तिथे अचूक लिहावा लागतो. लिनक्सच्या रिवाजात दाब चढताना हाक हवी तर १, उतरताना हवी तर २, वरच्या पातळीला ४ आणि खालच्या पातळीला ८ लिहितात. आपल्या टाकीत संपर्क जुळला की दाब उतरतो, म्हणून तिथे २ हवा. १ लिहिलात, तर टाकी भरताना सगळे सामसूम, आणि पाणी उतरताना हाक! पाचवी कडी ड्रायव्हरची, म्हणजे हाक ऐकून पंप बंद करणाऱ्या आज्ञावलीची. आणि सहावी कडी संपर्काची. धातूचे दोन तुकडे जुळताना क्षणभर थरथरतात आणि एकाऐवजी पाच-दहा हाका जातात, म्हणून काही मिलिसेकंद थांबून मगच खरे मानायचे.

यांपैकी एक कडी तुटली तरी काय दिसते? काहीच दिसत नाही! चूक झाली असे कोणी सांगत नाही. नुसती शांतता असते. म्हणून जाणते लोक कर्नलमधला हाकांचा तक्ता उघडतात. त्यात प्रत्येक तारेवर किती हाका आल्या याचा आकडा असतो. फ्लोट हाताने वर करायचा आणि आकडा वाढतो का पाहायचे. वाढला तर दोष ड्रायव्हरात. न वाढला तर दोष अलीकडच्या कड्यांत. अर्धी वाट अशी एका फटक्यात तपासून होते.

आता एक शेवटचा प्रसंग. वरच्या सगळ्या कड्या नीट बसवल्या, चार दिवस काम उत्तम चालले. पाचव्या दिवशी टाकी जवळजवळ भरत आली असताना वीज गेली. फ्लोट वर आला तो नेमका वीज नसताना, वरच्या मोठ्या टाकीतून पाणी उतरत राहिल्यामुळे. तासाभराने वीज आली, बोर्ड जागा झाला, आणि कर्नल दाब उतरण्याची वाट पाहत बसला. पण दाब तर आधीच उतरून गेला होता! हाक देऊन झाली होती, ऐकायला कोणी नव्हते. पंप चालू झाला आणि पाणी रात्रभर वाहत राहिले. इथे यंत्राचा किंवा तारेचा दोष नाही. काठाची हाक ही बदलाची बातमी असते, आज काय स्थिती आहे ती ते सांगत नाही. म्हणून शहाणा ड्रायव्हर जागा होताक्षणी आधी फ्लोटची स्थिती स्वतः वाचतो, आणि मगच हाकेची वाट पाहतो. डाइक्स्ट्राची धास्ती तीच होती: हाक वाईट क्षणी आली तर काय, याचा विचार आधीच करून ठेवला पाहिजे.

शिक्षकबंधुभगिनींनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. एका मुलाला फळ्यावर लांबलचक बेरीज करायला सांगा. दुसऱ्याच्या हाती घंटा द्या. घंटा वाजली की पहिल्याने फळ्यावर खूण करायची, दारातला निरोप घ्यायचा आणि खुणेपासून बेरीज पुढे न्यायची. मग घंटावाल्याला हळूच सांगा की, तो खूण करीत असतानाच पुन्हा घंटा वाजव. बेरीज चुकेल, आणि का चुकली यावर मुले आपणहून भांडू लागतील. तिथेच त्यांचा धडा सुरू होईल.

१९५४ च्या त्या वाहनातल्या यंत्रापासून आजवर जगभरच्या माणसांनी या एका हाकेसाठी खपून काम केले आहे. ठरलेल्या वेळेत हाकेला उत्तर मिळालेच पाहिजे, यासाठी लिनक्समध्ये चाललेले एक काम तर सुमारे वीस वर्षे चालून २०२४ साली मुख्य कर्नलमध्ये सामील झाले. पुढच्या वेळी गावातला पंप आपोआप बंद झालेला दिसला, तर त्यामागे कुठे थांबलो त्याची खूण जपणारे, दारात थोडेच बोलणारे आणि जागे होताच आधी पाण्याकडे पाहणारे कोणीतरी आहे, एवढे आठवा.